डावीकडे वळणारी फौज

चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी थांबणारी असो वा नुसती पुढे जाणारी, आमचे जमादार तिला सलाम करीत. पहिल्या वर्गाचा डबा समोरून सरकेपर्यंत हात कपाळाशी, तो गेला की हात खाली. बाकीचे डबे, त्यांतली माणसं, कोंबड्या आणि गाठोडी यांना सलाम नसे. पहिल्या वर्गात बहुधा कोणी नसायचंच. मी एकदा त्यांना तसं म्हणालो.

"मास्तर," ते म्हणाले, "सलाम मानसाला नसतोय, जागेला असतोय. मानूस काय, आज बसंल, उद्या उठंल."

राज्यकारभारावरची जाडजाड पुस्तकं मी पुढे वाचली. याहून थोडक्यात कोणी काही सांगितल्याचं आठवत नाही.

मी तेव्हा स्टेशनापासून कोसभरावरच्या एका गावात शाळामास्तर होतो. राज्य निजामाचं. सरकारी कागद उर्दूत यायचे आणि ते वाचू शकणारे गावात दोघंच, पटवारी आणि मी. पटवारी घरी क्वचित सापडे, म्हणून कागद माझ्याकडे येत. जमादारांचं घर शाळेला लागून होतं. हैदराबादेत फौजेत तीस वर्षं काढून ते गावी परतले होते, स्वतःची आठ एकर जमीन कसत होते आणि लहानथोर सगळे त्यांना जमादारचाचा म्हणत. त्यांचं अक्षरज्ञान सहीपुरतं होतं. सही मात्र इतक्या जोराने करीत की खालच्या कागदावरही ती उमटे.

तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नेमकं काय केलं, हे मी त्यांना एका सकाळी विचारलं.

"हुबा ऱ्हायलो," ते म्हणाले.

यात अतिशयोक्ती नव्हती. देवडीच्या दारात उभं राहायचं, मिरवणुकीत हत्तीच्या बाजूने चालायचं, बंदूक खांद्यावर घ्यायची आणि खांद्यावरून उतरवायची. झाडली ती एकदाच, ईदचा चंद्र दिसला म्हणून, आभाळात. "चंद्राला लागली न्हाई," एवढंच ते त्या प्रसंगाविषयी सांगत.

एवढ्या उभं राहण्यातून त्यांनी एक गोष्ट कमावली होती, ती म्हणजे सरळ रेषेचं वेड. त्यांच्या अंगणात लोटे, जोडे आणि कोंबड्यांची खुराडी एका दोरीत असत. विहिरीवर बायकांच्या घागरी वाकड्यातिकड्या दिसल्या की ते थांबत. घागरींना हात लावत नसत, काही बोलतही नसत. पण घागरी सरळ होईपर्यंत तिथून हलत नसत. पंगतीला बसले की आधी एक डोळा मिटून टोकापर्यंत बघत आणि मधल्या कुणाला तरी म्हणत, "जरा मागं सरा, भाऊ. तुमी कामून फुडं आलाव? वरन येनार हाय फुडं." एकदा मयतीला खांदेकऱ्यांची पावलं जुळेनात, तेव्हा त्यांनी मागून हळूच 'एक, दोन, एक, दोन' सुरू केलं. मयताच्या मुलाने नंतर त्यांचे आभार मानले. बाप आयुष्यात पहिल्यांदाच हिसका न बसता कुठेतरी पोचला, म्हणाला.

पेरणीत त्यांच्या तिफणीची तासं पाहायला शेजारच्या गावचे लोक येत. एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की समोरच्या धुऱ्यावरची बाभूळ तासाच्या बरोबर मधोमध दिसे. पीक इतरांइतकंच येई.

सत्तेचाळीस साली दोन देश स्वतंत्र झाले, असं पुस्तकांत असतं. आमचं गाव त्या दोहोंत नव्हतं. आम्ही तिसऱ्यात होतो. हैदराबाद हे आता स्वतंत्र राष्ट्र आहे, अशी दवंडी आमच्याकडे बाजाराच्या दिवशी पिटली गेली आणि बाजार काही तिच्यासाठी थांबला नाही. फक्त किसन नावाचा एक तरणा शेतकरी माझ्याकडे चौकशीला आला. त्याची बहीण पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात दिलेली होती.

"मास्तर, मंजी माझी बहीन आता परदेशात ऱ्हायलीय का?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"आन् दाजी?"

"तेही."

"दाजीचं बरं झालं," किसन म्हणाला. "बहिनीला तेवढं परत घेता येत असंल तर बघा."

राष्ट्र झालं की त्याला सरहद्द लागते आणि सरहद्द झाली की तिच्यावर उभं राहायला माणसं लागतात. आपली फौज पुरणार नाही, हे हैदराबादेत कुणाच्या तरी लक्षात आलं आणि 'मुल्की मुहाफिज जमियत' निघाली. म्हणजे ज्याने त्याने आपल्या घरी राहायचं, शेत करायचं, आठवड्यातून तीन दिवस कवायत शिकायची आणि हाक आली की राष्ट्र राखायचं. आमच्या गावाला वीस माणसांचा आकडा आला. सरकारचा आमच्या लोकांवर विश्वास होता असं नाही. पण आकडा आला होता आणि आलेला आकडा भरावा लागतो.

लोकांनी नावं दिली ती राष्ट्रासाठी नव्हे. दिवस वाईट होते. रस्त्याने हत्यारबंद टोळी कधी येईल आणि कुठल्या गावात शिरेल याचा नेम नव्हता. आपल्या गावात वीस माणसं एका जागी उभी असलेली दिसली तर बरं, एवढाच हिशेब. शिकवायला जमादार होतेच. निरोप गेला तेव्हा ते औत हाकत होते. तास पुरं केलं, बैल सोडले आणि तसेच चावडीवर आले. मला मुन्शी नेमलं, कारण कवायतीचं पुस्तक उर्दूत होतं.

साहित्य चुडाव्याला मालगाडीने आलं. आम्ही दोन बैलगाड्या घेऊन गेलो होतो, त्यांतली एक रिकामी परत आली. पेट्यांबरोबरची यादी मी फलाटावरच वाचून दाखवली. कातडी पट्टे वीस. पितळी बिल्ले वीस. पोटरीला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या चाळीस. बुगुल एक. झेंडा एक. झेंड्याची काठी मागाहून. बूट मागाहून. बंदुका मागाहून.

"मागाहून मंजी कवा?" जमादारांनी विचारलं.

"तेही मागाहून कळवतील."

त्यांनी मान डोलावली. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस होता.

जे आलं ते मात्र वाया गेलं नाही. लोकरी पट्ट्या ज्वारीच्या धसकटांतून चालताना इतक्या सोयीच्या ठरल्या की ते राष्ट्र गेल्यावरही पुष्कळ वर्षं त्या शेतांत दिसत होत्या. बिल्ले जमादार स्वतः समोर बसून चिंचेने आणि राखेने घासून घेत. बुगुल गेला लग्नाच्या वरातीपुढे शिंग फुंकणाऱ्याकडे. त्याला वरातीखेरीज दुसरं काही फुंकता येत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने बुगुल तोंडाला लावला आणि गल्लीतल्या तीन बायका ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. मी जमादारांकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पाय चांगले पडायलेत."

राहिल्या बंदुका. गावात खरी बंदूक एकच होती, जमादारांची स्वतःची, ठासणीची, रानडुकरांसाठी परवाना काढून बाळगलेली. डुकरं तिला ओळखून होती, त्यामुळे ती झाडावी लागत नसे. कवायतीसाठी लाकडाच्या वीस बंदुका घडवायला त्यांनी गावच्या सुताराला सांगितलं आणि नमुन्याला ही दिली. सुतार कसबी होता. पण जन्मभर त्याने बाभळीचे नांगर केले होते आणि हाताला एक वळण लागलेलं असतं. वीस बंदुका तयार झाल्या त्या पाहिल्या तर वीस रुमणी, म्हणजे नांगराच्या मुठी, उभ्या होत्या. वजनही तेच.

"ह्या झाडायच्या कशा?" दगडूबाने विचारलं. दगडूबा तुकडीतला सगळ्यात वडील, साठी ओलांडलेला; आकडा भरेना म्हणून घेतलेला.

"झाडायच्या न्हाईत," सुतार म्हणाला. "दाबून धरायच्या. जमीन कडक असंल तर दोघांनी."

कवायत सुरू झाली. सरळ चालायला कुणाला वेळ लागला नाही. तिफणीमागे चाललेल्या माणसाला सरळ चालणं शिकवावं लागत नाही. अडलं ते वळण्यापाशी. दहा माणसांची आडवी रांग मोडू न देता वळवायची, म्हणजे आतल्या टोकाच्या माणसाने जागच्या जागी पाय हलवायचे, बाहेरच्या टोकाच्याने लांब ढांगा टाकायच्या आणि मधल्यांनी आपापल्या जागेप्रमाणे मापून चालायचं. पुस्तकात यावर अडीच पानं होती. मी ती दोनदा वाचून दाखवली. दोन्ही वेळा रांगेची आधी कोयती झाली आणि मग जत्रा.

आठ दिवस असे गेले. जमादारांचा आवाज बसला. एका सकाळी ते दगडावर बसून राहिले, हुकूम देईनात. तेव्हा दगडूबा रांगेतून बाहेर आला.

"चाचा, मास्तर वाचायलेत ती तं मळनी हाय."

"काय?"

"मळनी. मेढीजवळचा बैल हळू, कडंचा बैल पळतोय. त्येच सांगायलंय की पुस्तक. मंग अडीच पानं कशाला?"

खळ्याच्या मधोमध मेढ, म्हणजे खांब, रोवलेली असते. तिच्याभोवती कणसं पसरतात आणि त्यांवरून बैलांची पात फिरवतात. मेढीजवळ म्हातारा बैल जुंपतात, कारण त्याला जागच्या जागी फिरायचं असतं. कडेला तरणा, कारण सगळ्यात जास्त चाल त्याची. हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. फक्त राष्ट्राच्या संरक्षणाशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता.

जमादार उठले. दगडूबाला डाव्या टोकाला उभं केलं, किसनला उजव्या टोकाला आणि मधे वयाप्रमाणे बाकीचे. मागच्या रांगेतही तसंच. मग त्यांनी हुकूम सोडला, "बायां चक्कर!" आणि दहा माणसं एका जूला बांधल्यासारखी डावीकडे वळली. कुणीतरी सवयीने बैलांना घालतात तशी हाकही घातली. जमादारांनी एक डोळा मिटून रांग बघितली. मग दुसरा डोळाही मिटला आणि काही वेळ तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी उजवीकडे वळायचं ठरलं. ते काही झालं नाही. आमच्याकडे पात नेहमी मेढ डाव्या हाताला ठेवून फिरते. उलटी कुणी फिरवत नाही आणि बैलही फिरत नाहीत. उजवीकडे वळायचं तर दगडूबाने पळायला हवं आणि किसनने थांबायला. किसन थांबेना. दगडूबा तर खालीच बसला.

"म्या मेढीचा हाय," तो म्हणाला. "पळायचं माझ्याकडं न्हाई."

इतरांनाही ते पटलं. मेढीच्या बैलाला पळवणं बरं दिसत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. जमादारांनी पंधरा दिवस समजूत काढली, आणि मग स्वतःची काढली.

"मास्तर, तीनदा डावीकडं वळलं तर मानूस शेवटी उजवीकडंच जातोय न्हव?"

"जातो. पण शत्रू उजवीकडून आला तर?"

"तर त्याला तीन चक्कर थांबावं लागंल."

जगातल्या कुठल्या स्वतंत्र राष्ट्राने आपल्या फौजेसाठी असा नियम केला असेल असं मला वाटत नाही. पण डावीकडचं त्यांचं वळण असं बसलं की बघत राहावं. मला कवायतीचं, झेंड्यांचं आणि बिल्ल्यांचं कधीच कौतुक नव्हतं, तरी शाळा सुटली की मी पारावर जाऊन बसे. वीस माणसं, अनवाणी, खांद्यावर रुमणी, पुढे वरातीचा सूर. आणि ती रांग खळ्याच्या मापाने सावकाश फिरायची, कुठेही न तुटता. जमादार त्यांच्याकडे असं बघत, जसं कुणी स्वतः बांधलेल्या घराकडे बघावं.

माघात, रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असताना, कागद आला. हैदराबादेहून मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते. चुडाव्याला उतरून स्टेशनाजवळच्या मैदानात तुकडीची तपासणी करणार आणि दुपारच्या गाडीने पुढे जाणार. पास झालेली तुकडी आठ दिवसांत पैनगंगेच्या नाक्यांवर रवाना होईल. तिथे तिला खऱ्या बंदुका मिळतील. नापास तुकडी गावीच राहील. पास तुकडीच्या शिकवणाऱ्याला मोहोरेची सनद मिळेल.

मी हे जमादारांना त्यांच्या अंगणात वाचून दाखवलं. आम्ही दोघंच होतो.

"सनद कसल्या कागदावर असती, मास्तर?"

"जाड असतो कागद."

"मोहोर वर का खाली?"

"खाली. उजव्या कोपऱ्यात."

"तीस सालात मला कागद मिळाला तो एकच. नौकरी संपली म्हनून. त्याच्यावर मोहोर बी धड उठली नव्हती."

"आणि ही माणसं?" मी म्हणालो. "कणसं उभी आहेत शेतात. ती कोण काढणार? गावात राहणार कोण? किसनने काय नाक्यावर उभं राहून दाजीवर नेम धरायचा?"

"हुकूम हाय."

"मग मी त्यांना सांगतो. मुद्दाम चुकतील, नापास होतील, सुटतील."

जमादार ताडकन उठले. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"खबरदार! शिपाई मुद्दाम चुकला तर साहेबाला चाल बघून कळतंय. मंग नापास न्हाई, कैद. मंग काढनी कोन करनार, तुमी? कुनाला अक्षर बोलायचं न्हाई. त्यांना वाटलं पायजे का आज आपून लय भारी करनार हाव."

मी कागद घडी करून त्यांच्या खाटेवर ठेवला आणि निघून आलो. माझं मत पक्कं झालं. एका जाड कागदासाठी हा माणूस वीस जणांना नदीकाठी उभं करणार. आयुष्यभर उभा राहिलेला माणूस दुसरं काय करणार? पुढचे चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांना ते कळलं की नाही, ते कळलं नाही. ते मैदानात चुन्याच्या रेघा मारत होते. मैदान असं आखलं होतं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी वळणं डावीकडेच यावीत.

साहेब गाडीतून उतरले. पहिल्या वर्गात या खेपेला खरोखरच कुणीतरी होतं. बरोबर एक खानसामा, घडीची खुर्ची, शेगडी आणि चहाचा सगळा सरंजाम. राष्ट्राकडे बंदुका नव्हत्या, पण किटली चांदीची होती. खुर्ची मैदानाच्या डाव्या अंगाला मांडली गेली, शेगडी उजव्या अंगाला पेटली. बघायला निम्मं गाव आलं होतं.

तुकडी निघाली. पट्टे चकाकत होते, शिंगवाल्याने वरात सुरू केली आणि पोरीबाळी नवरदेव शोधू लागल्या. एक वळण झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चुन्याच्या रेघेवरून रांग अशी फिरली की साहेबांनी घड्याळ पाहायचं सोडून तीनदा मान हलवली. दगडूबा मेढीसारखा ताठ होता. किसनच्या ढांगा मोजून घ्याव्यात अशा पडत होत्या. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि जमादारांचा राग येत होता; दोन्ही एकदम.

शेवटचं वळण राहिलं. डावीकडे वळायचं, साहेबांसमोर थांबायचं, सलामी द्यायची. संपलं. जमादारांनी छाती भरून घेतली. क्षणभर ते रांगेकडे बघत राहिले.

"दाहिना चक्कर!"

हुकूम इतका स्वच्छ होता की चुकीचं ऐकायची सोय नव्हती. डावीकडचे पाच जण सवयीने डावीकडे वळले. उजवीकडचे पाच जण हुकमाप्रमाणे उजवीकडे निघाले. मागची रांग मधून सरळ पुढे आली. रुमणी एकमेकांत अडकली. दगडूबा जागच्या जागी पाय हलवत राहिला, कारण त्याला तेच काम होतं. किसन लांब ढांगा टाकत थेट शेगडीवर गेला आणि चांदीची किटली खानसाम्याच्या पायावर आली. शिंगवाल्याला वाटलं आपलाच सूर चुकला. त्याने दुप्पट जोराने वरात फुंकली. बघायला आलेले सगळे हसत होते.

साहेब उठले. "ये क्या है?"

जमादार पुढे झाले, सलाम केला. "गलती मेरी है, हुजूर. इनकी नाही. मेरेकू दायां-बायां याद नाही रहता. उमर हो गई."

"कितने दिन से याद नाही रहता?"

"मालूम नाही, हुजूर. वो भी याद नाही."

साहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं. पिकलेली दाढी, थरथरणारी हनुवटी. ती आदल्या दिवशी थरथरत नव्हती. मग त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, वही मिटली आणि म्हणाले, "घर जाव, बडे मियां. आराम करो." गाडी आली. जमादारांनी तिला नेहमीचा सलाम केला.

परतीच्या वाटेवर शिंगवाल्याने बुगुल काखेत मारला होता. लोकांना खरोखरच वाईट वाटलं होतं. सगळं पाठ असताना फजिती झाली होती. शेवटी किसनच्याने राहवेना.

"चाचा, चार महिनं डावं डावं केलंव. आन् आजच उजवं कुठून आठवलं?"

"इसरलो बाबा."

"इसरलाव? मंग जेवताना घास कानात जायलाय का तुमच्या?"

सगळे हसले. जमादारही हसले. मी तेव्हा त्या वीस जणांना कागदात काय होतं ते सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती. पास झालो असतो तर आठ दिवसांत पैनगंगेवर, असं म्हटल्यावर रांग आपोआप थांबली. किसनने जमादारांच्या हातातली ठासणीची बंदूक काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गावापर्यंत तीच नेली. दगडूबा मला म्हणाला, "मास्तर, तुमाला चार दिस आधी ठावं हुतं, आन् तुमी चाचाशी बोलत नव्हताव."

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि पुढे गेला.

त्या वर्षी ज्वारी ज्याची त्याने काढली. मळणीही झाली. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत ते राष्ट्र संपलं. पैनगंगेवर ज्या तुकड्या गेल्या होत्या त्यांच्याविषयी मी लिहीत नाही. आमचे वीस घरी होते. हत्यारं जमा करायला एक अधिकारी गावात आला, तेव्हा जमादारांनी बाभळीच्या वीस बंदुका चावडीसमोर सुतात मांडून ठेवल्या. त्याने एक उचलून पाहिली, खाली ठेवली आणि आमच्या सुताराला नांगराचा भाव विचारला. बंदुका परत मिळाल्या. गावात काही दारांना त्या अडसर म्हणून आहेत.

पण हे नंतरचं. तपासणीचा निकाल आला तो पंधरा दिवसांनी. तुकडी सरहद्दीवर पाठवण्यास नालायक, गावीच राहावी. शिकवणारा वृद्ध असून त्याची बुद्धी ठिकाणावर नाही. त्याला यापुढे कोणतंही सरकारी काम देऊ नये.

मी अंगणात उभा राहून पहिलं वाक्य वाचलं. जमादार खाटेवर बसले होते.

"फुडं?" ते म्हणाले.

सरकारी कागद मी तोवर शेकडो वाचून दाखवले होते आणि कधी एक शब्द पदरचा घातला नव्हता. मला त्याचा थोडा गर्वही होता. मी कागदावर नजर ठेवली आणि साहेबी उर्दूत वाचलं की, तुकडीचं डावीकडचं वळण निर्दोष आहे. इतकी सरळ रांग या साऱ्या दौऱ्यात दुसरीकडे आढळली नाही. याचं श्रेय शिकवणाऱ्याला आहे.

जमादारांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, साहेब रांग बघत नव्हता. त्याला किटलीची काळजी पडली व्हती."

मी मान वर केली नाही.

"हे तुमी लिवलंय."

मी कागद तसाच हातात धरून उभा राहिलो. त्यांनी पाय खाली घेतले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि खाटेच्या कडेला ताठ होऊन बसले.

"वाचा," ते म्हणाले. "फिरून एक डाव वाचा. सावकाश."